प्रतिसाद: ‘श्पेरबेराइश’ला ‘रिस्ट्रिक्टेड एरिया’ म्हणू नका

किरणोत्सार संरक्षणाच्या जर्मन नियमावलीतल्या ‘श्पेरबेराइश’साठी इंग्रजीत ‘रिस्ट्रिक्टेड एरिया’ चालेल, असं वर सुचवलंय. वाचणारा अमेरिकेतला असेल तर कृपया हे टाळा. तिथल्या नियमांत या शब्दाचा अर्थ फक्त प्रवेश मर्यादित केलेली जागा. श्पेरबेराइश म्हणजे कोंट्रोलबेराइशचा (नियंत्रित क्षेत्राचा) असा भाग, जिथे डोस ताशी ३ मिलिसिव्हर्टच्या (किरणोत्साराच्या डोसचं एकक) वर जाऊ शकतो. कोंट्रोलबेराइश मात्र वर्षाला ६ मिलिसिव्हर्टच्या वर डोस शक्य असला की सुरू होतो. आता फरक बघा! मी ‘एक्सक्लूजन एरिया’ लिहीन आणि पहिल्यांदा येईल तिथे ताशी आकडा वाक्यातच देईन. नियमावलीतल्या बाकी दोन क्षेत्रांना, म्हणजे कोंट्रोलबेराइश आणि ‘यूबरवाखुंग्सबेराइश’ (देखरेखीखालचं क्षेत्र) यांना, अनुक्रमे ‘कंट्रोल्ड’ आणि ‘सुपरवाइज्ड’ सरळ बसतात.

त्याहून जपायला हवं ते माणसांच्या पदनामांना. ‘श्ट्रालेनशुट्सफेरआन्टवोर्टलिशर’ म्हणजे बहुधा परवानाधारक संस्था किंवा तिचा प्रमुख. ‘श्ट्रालेनशुट्सबेआउफट्राग्टर’ हा त्याने लेखी नेमलेला तज्ज्ञ. नेमणूक झाली तरी कायद्याने जबाबदारी पहिल्यावरच राहते. दोघांनाही ‘ऑफिसर’ केलंत, तर अपघातानंतर उत्तर कोणी द्यायचं हेच भाषांतरातून पुसलं जातं.