मेव्हणा व्हेप (ई-सिगरेट) आणतो म्हणतोय, आणू देऊ का?

हिंजवडीचा हमाल:
वय ४१, घर कर्वेनगर. कॉलेजपासून सिगरेट ओढतोय, सध्या दिवसाला दहा-बारा. सकाळी चहाच्या आधी एक लागतेच. ऑफिसखालचा टपरीवाला मला लांबून बघूनच सुट्टी सिगरेट काढून ठेवतो. (सुट्ट्या विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे. सांगा त्याला.) परवा लेकीने गंमत म्हणून माझं हेल्मेट घातलं, लगेच काढलं आणि बाल्कनीत नेऊन ठेवलं. बोलली काहीच नाही.

मेव्हणा ब्रिटनमध्ये, लीड्सला असतो. व्हेपवर गेला आणि त्याची सिगरेट सुटली. दिवाळीत येताना मलाही एक आणतो म्हणतोय. 'पूर्ण सोड' हा सल्ला कृपया नको, तो बायको रोज देते.

पेठेतला पंत:
आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटची आयात, विक्री, साठा सगळं बंद आहे. आयात-विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं ओढण्याला त्यात शिक्षा नाही, पण बॅगेतून आणायची भानगड कशाला? भाऊबीजेला बहिणीकडे पोचू द्या त्याला.

धूरमुक्त ताई:
मेव्हण्याचं अगदीच चूक नाही. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही सिगरेट सोडायला व्हेप चालेल म्हणते, निरुपद्रवी मात्र म्हणत नाही. पण तिथे निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर विकता येत नाही. मी इथे चोरून घेतलेल्यावर ५० लिहिलेलं होतं, आत काय होतं देव जाणे. शिवाय सिगरेट निदान संपते तरी. हे उशीखाली घेऊन झोपायचे मी! आणि पार्टीत सिगरेट चालूच. शेवटी निकोटिनच्या गमवर सुटलं.

हिंजवडीचा हमाल:
गम केलाय करून. उचक्या लागल्या, मीटिंगमध्ये हसं झालं.

धूरमुक्त ताई:
च्युइंगमसारखा चघळलात ना? चार-पाचदा चावायचा, तोंडात झणझणलं की गालात दाबून ठेवायचा. झणझण ओसरली की परत. एक गम अर्धा तास चालतो. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नाही, हे पुण्यात सगळ्यात अवघड. उठल्याउठल्या सिगरेट लागते म्हणजे २ मिलिग्रॅमचा बहुधा पुरणार नाही. ४ चा आणि सोबत निकोटिनची पट्टी, हे डॉक्टरांना विचारा. सिगरेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, तिथे फुकट बोलता येतं.

हिंजवडीचा हमाल:
मेव्हण्याला कळवलं, चॉकलेटं आण. त्या नंबरचं मला माहीतच नव्हतं. सुट्टी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतं कुठे? आज टपरीवाल्याकडून मागून घेतलं आणि नंबर उतरवला. तोवर त्याने सवयीने एक काढून ठेवली होती. ओढली. खोटं कशाला सांगू.