केजीएफचे जुने फोटो घेऊन फिरायचंय, कुठून सुरू करू?

भटक्या_पुणेकर: पुढच्या महिन्यात बंगळुरूला जातोय, एक दिवस कोलार गोल्ड फील्ड्सला (केजीएफ, कर्नाटकातली सोन्याची खाण) काढलाय. ब्रिटिश काळातले काही फोटो प्रिंट करून नेणार, तिथेच उभं राहून आत्ताचा फोटो काढायचा. जुळेल का काही?

रेल्वेवेडा: बंगारपेटला उतर, तिथून मारीकुप्पमची लोकल पकड, वाटेत उरगाव, चॅम्पियन सगळी स्टेशनं खाणीवाल्यांचीच. जुन्या फोटोतला शाफ्टवरचा (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीवरचा) लोखंडी मनोरा शोध, त्यावरून जागा पटकन कळते. मातीच्या टेकड्यांवर भरवसा ठेवू नकोस, त्या खाणीच्याच कचऱ्याच्या आहेत, सायनाइड वापरून सोनं काढून उरलेला चुरा, वर्षागणिक वाढत गेल्या. आणि वर चढू नकोस, वारा सुटला की नाकातोंडात जातं सगळं.

मावशी_ठाणे: १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून, म्हणजे कावेरीच्या धबधब्यावरच्या वीजकेंद्रातून, वीज आली तिथे, आपल्याकडे तेव्हा कंदील असतील! साहेबांचे बंगले बघच, पण मजुरांच्या चाळींचेही फोटो काढ, त्यांचे जुने फोटो कमीच दिसतात. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली, तरी माणसं राहतायत अजून, विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नकोस बाबा.

भटक्या_पुणेकर: धन्यवाद मावशी! आत खाली उतरता येतं का?

रेल्वेवेडा: छे, तीन किलोमीटरहून खोल, पाणी भरलंय. मुंबईच्या टीआयएफआरवाल्यांनी (टाटा मूलभूत संशोधन संस्था) १९६५ मध्ये तिथेच खाली न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण पकडले होते, त्याचे फोटो मिळाले तर इथे टाक.