विषय: होळीच्या कार्यक्रमाला बँशचे जील बोलवायचे का?

प्रेषक: सचिन (लूव्हेन)

नमस्कार मंडळी,

यंदा, २०२६ मध्ये, मार्दी ग्रा, म्हणजे कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार, १७ फेब्रुवारीला येतोय. मुलांना शाळेची क्रोकसची सुट्टी आहेच, तेव्हा इथल्या, बेल्जियममधल्या बँश गावचा कार्निव्हल बघायला जाऊ. ब्रसेल्सहून थेट गाडी आहे, तासाभराचा प्रवास. साडेदहाच्या सुमारास निघू, डबे खाऊ, शहामृगाच्या पिसांची मिरवणूक बघू आणि संध्याकाळी परत.

दुसरं असं की, होळीच्या कार्यक्रमाला दोन-तीन जील, म्हणजे त्या कार्निव्हलमधले पारंपरिक पोशाखातले नाचे, आणता आले तर मजा येईल. ते जमलं नाही तर पोशाख तरी भाड्याने मिळतात असं ऐकलंय. लेझीमवाल्या पोरांना घालू. वृंदाताई तिथेच राहतात, त्यांनी जरा चौकशी करावी ही विनंती.

सचिन

प्रेषक: वृंदा (बँश)

सचिन, चौकशी मी करणार नाही. मला याच गल्लीत राहायचंय!

पोशाख भाड्याने मिळतात हे खरं. ते देणारी ठरावीक घराणी आहेत. पण मिळतात ते बँशच्या माणसाला, बँशमध्ये नाचायला. जील गावची वेस ओलांडत नाही, हा इथला पहिला नियम. आमच्या गुहागरकडे येऊन कोणी विचारलं की ऑफिसच्या पार्टीला ग्रामदेवतेची पालखी दोन दिवस मिळेल का, तर काय होईल? तसंच.

आणि दुपारी येऊन काय बघणार? खरा कार्निव्हल पहाटे, घराघरात असतो. माझा शेजारी प्लंबर आहे, आणि जीलही. गेल्या वर्षी त्याच्या बायकोने मला पहाटे चारला बोलावलं होतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर पेंढाच पेंढा. पेंढा भरणारा माणूस वेगळा असतो, त्याला बुरर म्हणतात. तो पेंढ्याच्या जुड्या पिळून पिळून प्लंबरच्या लिननच्या अंगरख्यात कोंबत होता, आधी छातीवर, मग पाठीवर, आणि दर दोन-चार जुड्यांनंतर लांब होऊन दोन्ही बाजू सारख्या दिसतायत का ते बघत होता. अंगरख्यावर लाल, पिवळे, काळे सिंह आणि मुकुट. कमरेला लोकरीने मढवलेला पट्टा, त्याला पितळी घंटा. पायात लाकडी सपाता. शेवटी म्हाताऱ्या आईने प्लंबरच्या डोक्याला पांढरं फडकं गच्च बांधलं. तोवर कोणी फारसं बोलत नव्हतं.

मग बाहेर ढोल वाजला. ढोलाशिवाय जील उंबरा ओलांडत नाही. तो दारात आला, सपाता आपटत चार पावलं नाचला आणि पुढच्या जीलच्या घरी निघाला. तिथून दोघे, मग चौघे. उजाडेपर्यंत अख्खी टोळी होते. आमच्या दारात पालखी यायची तेव्हा आजी सडा-रांगोळी करून ओटी घेऊन उभी असायची. इथे प्रत्येक दारात शँपेन घेऊन उभे असतात. सकाळी सहाला! (कालवंही असतात. शाकाहाऱ्यांनी नुसतं हसावं.)

सकाळी नगरपालिकेकडे जाताना सगळे मेणाचे मुखवटे घालतात. हिरवा चष्मा, बारीक मिशी, इवलीशी दाढी. सगळ्यांचा चेहरा एकच, त्यामुळे प्लंबर कोण आणि डॉक्टर कोण, कळत नाही. मुखवटा असतो तो फक्त मंगळवारी सकाळी. तुझी गाडी पोचेपर्यंत बहुतेक ते उतरलेले असतील.

पिसांच्या टोप्या दुपारी येतात, आणि संत्र्यांच्या टोपल्याही. जील ती संत्री गर्दीत फेकतात, म्हणून दुकानांच्या काचांवर आधीच जाळ्या लावतात. संत्रं हा प्रसाद समजा. तो परत फेकायचा नाही. सगळ्यांनी पोरांना हे घरूनच शिकवून आणावं.

आणि गाईड म्हणेल की हे जील म्हणजे इंका लोकांचे वंशज, १५४९ मध्ये हंगेरीच्या मेरीने इथल्या राजवाड्यात सम्राट पाचव्या चार्ल्ससाठी केलेल्या जल्लोषातून आले. जल्लोष खरा. इंकांची गोष्ट १९व्या शतकात कोणीतरी पेपरात लिहिलेली.

वृंदा

प्रेषक: मुकुंद (शार्लरोआ)

संत्र्याचं मी सांगतो. इथे आल्या आल्या पहिल्याच वर्षी एक संत्रं माझ्याकडे आलं. स्लिपमध्ये घेतात तसा झेल घेतला आणि सवयीने उचलून थेट परत फेकलं. जीलच्या खांद्याला लागलं. त्याने वळूनही पाहिलं नाही, पण माझ्या आजूबाजूची माणसं एकदम गप्प झाली. एका आजीबाईने ते संत्रं रस्त्यावरून उचललं, रुमालाने पुसलं आणि माझ्या कोटाच्या खिशात घातलं. एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रेषक: स्नेहा (गेंट)

वृंदाताई, एक विचारू? जील फक्त पुरुषच का? युनेस्कोने २००३ मध्ये गौरवलंय ना याला? मग बायका काय करतात?

प्रेषक: वृंदा (बँश)

स्नेहा, बायका पहाटे तीनला उठतात, पोशाख चढवतात, आणि दुपारी नवऱ्याच्या मागून संत्र्यांच्या पिशव्या वाहतात. टोपली रिकामी झाली की भरायची. मला पटतं का? नाही. प्लंबरच्या मुलीलाही पटत नाही, तिचं त्यावरून घरात भांडण होतं. पण मंगळवारी पहाटे बापाच्या पाठीतला पेंढा नीट बसलाय का, ते तीच बघत होती. आणि आपण काय तोंडाने बोलणार? शिमग्यातली गोमूसुद्धा साडी नेसलेला बाप्याच की.

प्रेषक: सचिन (लूव्हेन)

ताई, माफी. पोशाखाचा विषय बंद. होळीला लेझीम आपल्या धोतर-फेट्यातच. पण पहाटे चारला बँशला पोचायचं कसं? त्या वेळी गाडी कुठली?

प्रेषक: वृंदा (बँश)

सोमवारी रात्रीच या. माझ्याकडे जमिनीवर आठजण झोपू शकतात, पोरं धरून दहा. झोपायच्या पिशव्या आपापल्या आणा. पोहे मी करते. प्लंबरच्या बायकोला विचारलंय, ती म्हणाली दोघातिघांनी स्वयंपाकघरात यायला हरकत नाही, पण कोपऱ्यात उभं राहायचं आणि फोटो काढायचे नाहीत.

मुकुंदकाका, तुम्हीही या. फक्त दुपारी उजवा हात खिशात ठेवा.