खेड्यातल्या घराला आधी काय हवे: दाराशी रस्ता की हातात पैसा?

रामबागकर (इंदूर):
मध्य प्रदेश सरकार बायकांना दरमहा पैसे देते त्या लाडली बहना योजनेचे पहिले हजार रुपये जून २०२३ मध्ये खात्यांत आले, त्याच वर्षी त्यांचे १,२५० झाले, आणि तेव्हापासून आमच्याकडच्या पंगतीत ‘फुकट वाटप’ हा विषय मिठाच्याही आधी वाढला जातो. मला ‘फुकट’ हा शब्द मान्य नाही. तरी सरकारने गावांसाठी करायच्या खर्चातला मोठा वाटा रस्ते आणि शेतीसंशोधन यांवरच पडावा, असे माझे मत आहे. शेंगगेन फान, पीटर हेझेल आणि सुखदेव थोरात या अर्थतज्ज्ञांनी १९७० ते १९९३ या काळातली राज्यवार आकडेवारी तपासून, ग्रामीण दारिद्र्य घटवण्यात याच दोन खर्चांचा हात सर्वांत मोठा असल्याचे दाखवले होते.

सांवेरजवळची आमची थोडी जमीन बटाईने दिलेली आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता होण्यापूर्वी श्रावणात तिथल्या काळ्या मातीत बैलगाडी आसापर्यंत रुतायची आणि बटाईदार दुधाची कॅन खांद्यावर घेऊन मुख्य सडकेपर्यंत चालत जायचा. तोवर दूध नेणारी गाडी निघून गेली, की त्या दिवशी घरी खवा आटवण्यावाचून गत्यंतर नसे. आता गाडी दाराशी येते.

देपालपूरची सून:
रामबागकर, आपल्या बटाईदाराकडे म्हशी होत्या म्हणून रस्ता त्याच्या कामी आला. ज्याचा गोठा रिकामा आहे, त्याच्या दारावरून ती गाडी नुसती पुढे जाते. ग्रामसडक योजनेच्याच रस्त्यांवर सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोव्होसाद या अर्थतज्ज्ञांचा जो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रस्ता आल्यावर मजूर शेती सोडून दुसऱ्या कामांकडे वळल्याचे आढळले, पण घरांचे उत्पन्न, मालमत्ता किंवा शेतीचे उत्पादन यांत म्हणावी तशी भर पडलेली दिसली नाही.

गोठ्यात म्हैस येते कुठून, हा खरा प्रश्न आहे. कष्टकरी बायकांच्या ‘सेवा’ संस्थेने युनिसेफच्या मदतीने २०११-१२ च्या सुमारास आपल्याच इंदूर परिसरातल्या आठ गावांत एकही अट न घालता दरमहा प्रौढांना २०० आणि मुलांमागे १०० रुपये दिले, आणि पुढे ती रक्कम ३०० व १५० केली. पैसा दारूत जाईल ही भीती खोटी ठरली; घरातले खाणे सुधारले, मुले शाळेत जास्त टिकली, सावकाराकडची फेरी कमी झाली आणि कित्येकांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या. माझ्या सासरी कामाला येणारी बाई खात्यात पैसे पडल्याचा मेसेज आला, की आधी किराण्याची उधारी फेडते. उधारीवाल्याला डाळ दोन रुपये महाग पडते. तेवढे तिचे वाचतात आणि ते कुठल्याच सरकारी हिशेबात दिसत नाही.

रामबागकर:
म्हशीचा मुद्दा मला खोडता येत नाही. मात्र तो प्रयोग जेमतेम दीड वर्षाचा आणि आठ गावांपुरता होता. तीच रक्कम अख्ख्या राज्याला वर्षानुवर्षे द्यायची म्हटली, की कालव्याच्या दुरुस्तीला आणि संशोधनाला कात्री लागते. सोयाबीन संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र १९८७ पासून इंदुरात आहे. सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅक रोगाला दाद न देणारे बियाणे शेतकऱ्याला मिळाले नाही, तर लाडली बहनाचे महिन्याचे पैसे एका फवारणीलाही पुरायचे नाहीत.

मंडीतला (उज्जैन रोड):
दोघांनीही शेतमालाच्या भावाकडे पाठ फिरवली आहे. २०१७ मध्ये भावांतर योजनेत हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक सरकार भरून देऊ लागले, तेव्हा व्यापाऱ्यांनी भाव पाडल्याची ओरड मंडीत होती. खर्च शेतकऱ्याच्या नावाने पडतो, पण तो मधल्या मधे कोण खातो?

देपालपूरची सून:
मधले फक्त मंडीत नसतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या त्याच बाईचा अंगठा यंत्रावर उमटेना म्हणून ती पाच किलोमीटर कच्च्या वाटेने कियोस्कवर, म्हणजे खात्यातले पैसे काढून देणाऱ्या केंद्रावर, दोनदा जाऊन आली. पैसे निघाले तिसऱ्या खेपेला, आणि कियोस्कवाल्याने त्यातले वीस रुपये ठेवून घेतले. तेवढ्यापुरता रस्त्याचा मुद्दा रामबागकरांना दिला.