मदत हवी आहे: मिस्टरांचा मृत्यू दाखला कुठून काढायचा? विम्यासाठी कारणही हवंय

वाईकर_ताई: माझ्या मिस्टरांचं दीड महिन्यापूर्वी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात हृदयविकाराने निधन झालं. आम्ही वाई तालुक्यात राहतो. ग्रामपंचायत म्हणते, नोंद आमच्याकडे नाही. विमा कंपनीला मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला हवा आहे. शिवाय आधारवर नाव 'दत्तात्रय', रुग्णालयाच्या कागदांवर 'दत्ता'. सुरुवात कुठून करू?

नोंदवही: ताई, ग्रामपंचायतीचं बरोबर आहे. माणूस राहतो तिथे नाही, मृत्यू होतो तिथे नोंद होते. म्हणजे पुणे मनपा. रुग्णालय पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत असेल तर तिथली मनपा. आधी हद्द विचारून घ्या, कितीतरी जण इथेच चुकीच्या रांगेत अडकतात.

रुग्णालयातल्या मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची जबाबदारी रुग्णालयाची, घरच्यांची नाही. तिथल्या रेकॉर्ड विभागात दोनच गोष्टी विचारा: नमुना २ (मृत्यूची खबर देण्याचा फॉर्म) कधी पाठवला आणि नोंदणी क्रमांक काय? क्रमांक हातात असला की मनपात दाखला निघतो. खबर गेलीच नसेल तर ३० दिवस उलटल्यामुळे विलंब शुल्क आणि वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागेल. वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश, म्हणून हे आधी उरका.

क्लेम_टेबल: कारणाचं मात्र वेगळं आहे. दाखल्यावर कारण कधीच छापून येत नाही, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्येच तशी मनाई आहे. मनपात त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्हाला हवा आहे 'नमुना ४', म्हणजे डॉक्टरांनी सही केलेलं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाईकाला देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. तोंडी मागू नका. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का घ्या.

प्रत हातात आली की भाग १ वाचा. पहिल्या ओळीत लगेचचं कारण असतं, खालच्या ओळींत ते कशामुळे उद्भवलं ते. काही डॉक्टर नुसतं 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून मोकळे होतात. ते कारण नव्हे, हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचेच थांबतात. विमावाले फाइल परत पाठवतात ती अशाच कागदावर. खाली मूळ आजार लिहिलेला नसेल तर डॉक्टरांना तिथेच विचारा. इनडोअर केसपेपरची, म्हणजे भरती असतानाच्या उपचारांच्या नोंदींची प्रतही त्याच अर्जात मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे ती ७२ तासांत द्यायची असते.

पॉलिसी एलआयसीची आणि तीन वर्षांच्या आतली असेल तर 'क्लेम फॉर्म बी' आणि 'बी-१' सोबत न्या. ते डॉक्टर आणि रुग्णालयानेच भरायचे असतात.

वाईकर_ताई: पॉलिसी जुनी आहे, दहा वर्षांची. आणि नावाचं?

नोंदवही: मग ते फॉर्म बहुधा लागणार नाहीत, तरी शाखेत विचारून घ्या. नावाचं म्हणाल तर खबर अजून गेली नसेल तर रुग्णालयाकडूनच नमुना २ वर 'दत्तात्रय' लिहून घ्या. नोंद झाली असेल तर त्याच नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली मनपाकडे दुरुस्तीचा अर्ज करा. सोबत आधार, पॅन, पॉलिसीची प्रत आणि 'भरती करताना घरगुती नाव लिहिलं गेलं' असं रुग्णालयाचं पत्र जोडा. खरी चावी ते पत्रच. नोंदवहीतली मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख घालतात. दाखल्याच्या जास्तीच्या प्रती त्यानंतरच घ्या; बँक, पेन्शन, वारस नोंद, सगळीकडे लागतील.