नगर परिषदेत मेंबर अन् कर्मचारी यांचं जमत नाही, अन् लोकाईची कामं अडतात. सुरुवात कुठून करावी?

नवा_मेंबर_वऱ्हाड

नमस्कार मंडळी. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावची आमची 'क' वर्ग नगर परिषद आहे, डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत मी पहिल्यांदाच निवडून आलो. त्याआधी प्रशासक होता, म्हणजे लोकाईले आपलं म्हणणं सांगायले हक्काचा माणूसच नव्हता, आता मेंबर आले तर साचलेलं सगळं एकदम बाहेर निघून राह्यलं. सकाळी उजाडलं का फोन सुरू, नळाले पाणी नाही, घंटागाडी आमच्या गल्लीत वळतच नाही, खांबावरचा लाईट बंद, नालीचं पाणी दारात. आम्ही सारे मेंबर मग सरळ त्या त्या कर्मचाऱ्याले फोन लावतो कारण दुसरा रस्ताच माहीत नाही.

मागच्या सभेत पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी उभं राहून सांगितलं का सगळ्या मेंबरचे फोन घेता घेता माझं मूळ काम राहून जाते. त्यावर एक मेंबर त्यांच्यावर असा ओरडला का ते दुसऱ्या दिवसापासून सुट्टीवर. सीओ (मुख्याधिकारी) साहेबांकडे शेजारच्या गावाचा पण चार्ज आहे, ते आठवड्यातले काहीच दिवस भेटतात. आता ऑफिसात आम्ही शिरलो का बाबू लोक मान खाली घालून फाईल चाळत बसतात. मले भांडण नको आहे, मले काम पाहिजे, अन् ही माणसं पण आपल्याच गावची आहेत. कोणाच्या गावात हे सुधरलं असेल तर खरं खरं सांगा, भाषण नको.

बडेबाबू_निवृत्त

भाऊ, प्रश्न बरोबर जागी आहे. माझी सारी नोकरी नगर परिषदेत गेली, आधी कर विभाग, मग आस्थापना. किती अध्यक्ष आले गेले, पक्ष कोणताही असो, भांडण एकाच गोष्टीवरून पाह्यलं. सारा कारभार तोंडी. मेंबर तोंडी सांगतो, बाबू तोंडी हो म्हणतो, लाईनमन तोंडी ऐकतो अन् महिन्यानं कोण काय बोललं याचा पत्ता नसतो, मग जो जोरात बोलेल तो खरा.

तुम्ही एक तक्रार नोंदवही सुरू करायले लावा. आवक-जावकच्या टेबलावर ठेवायची, तक्रार फोनवर येवो का मेंबरकडून येवो का माणूस स्वतः येवो, नंबर पडलाच पाहिजे, अन् कोणाकडे दिली, कधी झाली, नाही झाली तर काऊन नाही झाली हे त्याच ओळीत. मेंबरनं कर्मचाऱ्याले फोन करायचाच नाही असं मी म्हणत नाही, पाईप फुटला तर करावाच लागते, पण नंतर नंबर टाकून घ्या. कर्मचाऱ्याले पण याचा आधार होतो. त्याच्याकडे आधीच वीस तक्रारी पडल्या आहेत हे वहीत दिसलं का कोणी त्याले कामचुकार म्हणत नाही, अन् खरंच कामचुकार असला तर तेही त्याच वहीत दिसते.

दुसरं, नव्या मेंबरनं एकदा बांधकाम विभागात बसून एका नालीच्या फाईलचा प्रवास समजून घ्यावा. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग काम, मग एमबीत (मोजमाप पुस्तकात) मोजमाप, मग बिल. यातल्या कोणत्या टप्प्यावर फाईल थांबली हे विचारलं तर बाबूले उत्तर द्यावंच लागते. "माझ्या वार्डाचं काय झालं" असं विचारलं तर तो "चालू आहे" म्हणतो अन् दोघंही नाराज. अन् ठराव करतानाही जपा, 1965 च्या नगर परिषद अधिनियमात कलम 308 आहे, नियमात न बसणारा ठराव केला तर कलेक्टर त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. बहुमत आहे म्हणून रेटला, अन् मग वर अडकला, मग सीओले शिव्या. सभेच्या आधी सीओ अन् अध्यक्षांनी विषयपत्रिका घेऊन एक तास बसावं, अर्धी भांडणं तिथंच मिटतात.

वॉल्व्हवाला

मी ठेक्यावर पाणी सोडतो, तुमच्या गावचा नाही पण काम तेच. एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहून राह्यलो. पाणी येत नाही तर लोक मले बोलतात, मेंबर मले बोलते, पण धरणावरच्या पंपाची लाईट रात्री गेली तर टाकी भरत नाही अन् टाकी भरली नाही तर मी सकाळी काय सोडू. अर्धी टाकी असली तर उतारावरच्या घराईले पाणी जाते अन् चढावरचे कोरडे राह्यतात, त्यात लोकाईनं नळाले डायरेक्ट मोटर लावली का झालंच, पुढच्याले थेंब नाही. मग चढावरच्या वार्डाचा मेंबर म्हणते तू मुद्दाम करतं. त्याच्या वार्डात जास्त वेळ सोडलं का दुसऱ्याचा फोन.

आमच्या गावात मागच्या उन्हाळ्यात एक केलं, कोणत्या झोनले कोणत्या दिवशी किती वाजता पाणी हे मोठ्या कागदावर लिहून चौकात, दवाखान्याजवळ अन् मंदिराजवळ लावलं. अन् लाईट गेल्यामुळं टाकी भरली नाही तर ऑफिसातून सकाळी सातच्या आत व्हॉट्सॲपवर मेसेज, की आज या झोनचं पाणी उद्यावर गेलं. तेव्हापासून मले शिव्या कमी झाल्या बावा, पाणी तेवढंच आहे पण माणसाले माहीत राह्यलं का आज नाही येणार तर तो मजुरी बुडवून घरी थांबत नाही. तो राग पाण्याचा कमी अन् वाट पाहण्याचा जास्त असते.

अन् मेंबर साहेब, ठेक्यावरच्या माणसाचा पगार वेळेवर होते का, पीएफ भरते का ठेकेदार, सफाईवाल्या बायांच्या हातात हातमोजे आहेत का, हे पण कधी सभेत विचारा. आमच्याकडून काम पाह्यजे तर आमच्याकडंही पाहा.

खिडकीबाहेरची_ताई

वॉल्व्हवाल्या दादांनी शेवटी लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे, ते नुसतं वाचून पुढे जाऊ नका.

मी नागरिक म्हणून लिहिते. मेंबर अन् बाबूंचं काय ते होत राहील, पण खिडकीसमोर उभ्या माणसाचं काय? गावातल्या खाजगी दवाखान्यात बाळंतपण झालं की जन्माची नोंद त्याच गावच्या नगर परिषदेत होते, म्हणून आजूबाजूच्या खेड्यातल्या बाया कडेवर लेकरू घेऊन एसटीनं दाखल्यासाठी येतात. त्यांना "साहेब नाहीत, उद्या या" म्हटलं की एक दिवसाची मजुरी अन् जाण्यायेण्याचं भाडं गेलं. ती बाई काही मेंबरला फोन करत नाही, ती तुमची मतदारही नाही, त्यामुळे तिची तक्रार कोणाच्याच वहीत येत नाही.

महाराष्ट्रात 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. कोणता दाखला किती दिवसात, कोणत्या अधिकाऱ्यानं द्यायचा, अपील कोणाकडे, हे नोटीस बोर्डावर लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. मुदतीत सेवा नाही मिळाली तर 30 दिवसांत पहिलं अपील, तिथे नाही झालं तर दुसरं, त्यावर लोकसेवा हक्क आयोग, आणि सबळ कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड. नव्या मेंबरनी पहिल्यांदा आपल्या ऑफिसात जाऊन हा बोर्ड आहे का बघावं, असला तर तो कपाटामागे आहे की वाचता येतो ते बघावं. आणि अर्ज घेतला की पोचपावती, ज्यावर तारीख असेल. पावतीशिवाय कायदा काही कामाचा नाही, कारण मुदत मोजायची कुठून?

शेजारची_नगरसेविका

मी नगर पंचायतीत आहे. बडेबाबू काकांच्या वहीला माझा पाठिंबा आहे पण व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल माझं मत वेगळं. नुसता मेसेज पाठवायचा ग्रुप ठीक, ज्यात फक्त ऑफिस लिहील. पण ज्या ग्रुपवर सगळे तक्रारी टाकतात, फोटो टाकतात, तिथे दोन दिवसात कर्मचाऱ्याची बदनामी सुरू होते अन् तो ग्रुप सोडून देतो. आमच्याकडे हे झालं आहे, नंतर तो माणूस साधं बोलायलाही तयार नव्हता.

संबंधांबद्दल सांगायचं तर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाकडून शिकण्यासारखं आहे. तिथे ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं निर्णय घेते, आणि सभेच्या आधी अभ्यास गटात विषय समजून घेतात. आपली नगर परिषद गावापेक्षा मोठी, पक्ष आहेत, सगळंच तसं जमणार नाही हे मला कळतं. पण सभेआधी विषयाचा अभ्यास करायला कोणी अडवलं आहे? आम्ही पाण्याच्या विषयावर असं एकदा केलं, दोन्ही बाजूचे मेंबर, साहेब आणि पाणी सोडणारे दोघं टाकीवर जाऊन बसलो, नकाशा पसरला. सभागृहात जे कधीच एकमेकांशी सरळ बोलले नव्हते ते तिथे वॉल्व्ह कुठे बसवावा यावर डोकं लावत होते. आणि सभेला बाईच्या जागी तिचा नवरा येऊन बसतो ते बंद करा, निवडून ती आली आहे, साहेबांनीही तिच्याशीच बोललं पाहिजे.

नवा_मेंबर_वऱ्हाड

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्रार वही अन् पाण्याचा तक्ता या दोन गोष्टी मी पुढच्या सभेत मांडतो, सुट्टीवर गेलेल्या साहेबांच्या घरी पण जाऊन येतो. ताई, बोर्डाचं उद्याच पाहतो. बडेबाबू, एक शंका, लोक म्हणतात सेवा नाही तर टॅक्स कायले भरू, अन् वसुली नाही तर ऑफिस म्हणते पैसा नाही. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती (दंड) चढते, ती पाहून तर माणूस अजूनच भरत नाही. हे कुठून सोडवू?

बडेबाबू_निवृत्त

आधी वसुलीच्या मागे लागू नका. वसुली बाबू दारात गेला का लोक त्याले पाण्यावरूनच बोलतात, ते मी भोगलं आहे. पाण्याचा तक्ता उन्हाळा लागायच्या आत लावा, तो पाळून दाखवा, मग वार्डात जा अन् मेंबर म्हणून स्वतः बाबूसोबत दारात उभे राहा, मागच्या वर्षी या वार्डातून किती कर आला अन् त्यातून काय झालं हे कागदावर घेऊन. हिशेब लेखा विभागात मिळेल, नाही दिला तर लेखी मागा. अन् वहीत पेननं लिहायले सांगा, पेन्सिलनं नाही, पानाले आधीच नंबर टाकून घ्या.