सातू (जव): पेरणी कधी करावी आणि नत्र किती द्यावे?

प्रश्न (अमळनेर तालुका)
नमस्कार मंडळी. बोरीकाठी आमची काळी, बागायती जमीन आहे. गेल्या रब्बीत कपाशी उपटायला उशीर झाल्यामुळे अर्धा एकर सातू डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरला आणि उशीर भरून निघावा म्हणून युरिया गव्हाइतकाच दिला. पीक हिरवेगार होते. पण ओंब्या निसवल्यावर दिलेल्या पाण्याने सगळे लोळले, ओंब्या मातीला टेकल्या आणि दाणे चिमले. यंदा मुगाचे दोन एकर रान सप्टेंबरातच मोकळे झाले आहे. तिथे पेरणी कधी करावी आणि नत्र किती द्यावे?

उत्तर (शिरपूर)
दादा, उशीर नत्राने भरून निघत नाही, हे आधी मनावर घ्यावे. आपल्याकडे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ऊन तापू लागते आणि डिसेंबरात पेरलेल्या सातूचे दाणे नेमके तेव्हाच भरत असतात, त्यामुळे ते बारीक राहतात. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा साधावा. फार तर २५ तारखेपर्यंत थांबावे.

बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र देतात, सातूला त्याच्या निम्मे, म्हणजे ६० किलो पुरते. एकरी हिशेब २४ किलो नत्र आणि १२ किलो स्फुरद (फॉस्फरस) असा होतो. पेरणीच्या वेळी डीएपीची (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेल्या खताची) अर्धी गोणी आणि १६ किलो युरिया द्यावा, उरलेला २६ किलो युरिया ३०-३५ दिवसांनी पहिल्या पाण्याच्या वेळी द्यावा. सातूची काडी गव्हापेक्षा नाजूक असते. जास्त नत्राने ती उंच आणि लुसलुशीत वाढते आणि ओंबीचे ओझे पेलत नाही. बियाणे एकरी ४० किलो आणि दोन ओळींत साधारण २२ सेंटिमीटर अंतर ठेवावे.

उत्तर (चोपडा)
वरील हिशेबाशी मी सहमत आहे, फक्त मुगाच्या बेवडाचा (आधीच्या पिकाचा जमिनीवर राहिलेला परिणाम) विचार व्हावा. पाला आणि मुळे रानातच कुजली असतील, तर माती परीक्षण करून दुसरा हप्ता थोडा कमी करता येईल. माल्टसाठी (मोड आणून वाळवलेले धान्य) विकायचा असेल, तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण माल्टवाल्यांना दाण्यातील प्रथिने ९ ते ११ टक्क्यांच्या आसपास हवी असतात आणि जादा नत्राने ती वाढतात. दाणा ब्लेडने आडवा कापून पाहावा: आत पांढरा, पिठाळ दिसला तर ठीक, काचेसारखा कठीण दिसला तर बहुधा प्रथिने जास्त आहेत.

उत्तर (शिंदखेडा)
आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात युरिया फोकून उघडा ठेवला, तर त्यातले नत्र अमोनिया होऊन उडते. तो टाकला की त्याच दिवशी हलके पाणी द्यावे, आणि पाने दवाने ओली असताना टाकू नये. ओंब्या निसवल्यावर वारा असेल, त्या दिवशी पाणी देऊ नये.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. मातीचा नमुना उद्याच काढतो. वाफसा (पेरणीजोगी ओल) साधला, तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाभर (पेरणीचे अवजार) धरतो आणि एक वाफा गव्हाच्या मात्रेवर ठेवतो, म्हणजे दोन्ही काड्या शेजारी-शेजारी पाहता येतील.